उलट्या सुकाणूची होडी

कुठलीही खुर्ची समोर आली की बाई लगेच बसत नसत. आधी उजव्या हाताचा तळवा बैठकीवर दाबून बघायच्या, मग पाठ हलकेच मागे ढकलायच्या आणि बहुतेक वेळा म्हणायच्या, "ही नको. दुसरी बघा." लग्नाच्या हॉलमध्ये भाड्याच्या खुर्च्यांच्या चळतीतून त्या आपली खुर्ची निवडायच्या, ती मंडईत वांगी निवडावीत तशी. घाई कुणाला असली तरी त्यांना नसे.

आमच्या कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. लहानपणी पोलिओ झाला होता, त्यामुळे डावा पाय बारीक आणि आखूड राहिलेला. डाव्या पायात उंच तळाचा बूट असायचा. चालताना त्या डावा हात डाव्या गुडघ्यावर दाबत, अंग त्या बाजूला झुकवत आणि मग उजवा पाय पुढे टाकत. असं चालणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या लहानपणी प्रत्येक गल्लीत एखादं होतंच.

त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात ओतकामावर होते. पोरीला बसून करायची नोकरी मिळाली पाहिजे, एवढं एकच त्यांनी डोक्यात घेतलं होतं. त्यांनी तिला टेलिफोनच्या बोर्डाचं काम शिकायला घातलं. बाई म्हणायच्या, "वडिलांनी मला बसवलं. पण कशावर बसवलं, ते त्यांच्या हातात नव्हतं."

बाहेरगावचे लोक त्यांना आवाजाने ओळखत. "लाइनवर राहा," असं त्या म्हणाल्या की चिडलेला माणूसही मुकाट थांबून राहायचा. पुढे फोन थेट टेबलावर वाजायला लागले, त्यांचा बोर्ड गेला आणि त्यांना गेटजवळ पाहुण्यांचे पास द्यायला बसवलं. सवय मात्र गेली नाही. कँटीनमध्ये दोघं एकदम बोलायला लागले तर त्या एकाकडे तळहात करायच्या. "तुम्ही लाइनवर राहा. आधी यांचं होऊ दे."

मी खरेदी विभागात होतो. कंपनी पिंपरीतून चाकणला हलली तेव्हापासून आम्ही एकाच बसने जायचो. त्या सांगवीला चढायच्या, मी पिंपळे सौदागरला. संध्याकाळी परतताना माझ्याआधी कुरुळीची, मोशीची मंडळी उतरून गेलेली असत आणि बस बरीच रिकामी झालेली असे. तेव्हा आमच्या गप्पा व्हायच्या. बसची पायरी उंच होती. नवीन माणूस हटकून हात पुढे करायचा. बाई त्या हाताकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

"हात नको. वेळ द्या," म्हणायच्या.

त्यांच्या लग्नाच्या बघण्याची गोष्ट त्यांनी याच बसमध्ये सांगितली. घरच्यांनी त्यांना उंच सोफ्यावर बसवून साडी अशी पसरून दिली होती की पाय दिसू नयेत. पाहुणे आले. बाईंनी सोफ्यावर तळवा दाबला आणि सगळ्यांदेखत वहिनीला म्हणाल्या, "ही नको, मला ती बुटकी खुर्ची द्या." मग उठून, चालत जाऊन त्या खुर्चीवर बसल्या.

"काय बघायला आलोय ते त्या माणसाला कळायला नको का?" त्या मला म्हणाल्या. "कळलं. पण पोहे सगळे संपवून गेले हं."

हे सांगताना त्या हसल्या. मीही हसलो.

त्या निवृत्त व्हायच्या आठवड्यात आम्ही विचारलं, "बाई, निरोपाचं जेवण कुठे करायचं?" आमच्या डोक्यात हायवेवरचं एक हॉटेल होतं. त्या म्हणाल्या, "हॉटेलातल्या खुर्च्या मला माहीत आहेत. पाण्यावर नेणार असाल तर येते."

माझा मेहुणा दत्ता धरणाच्या फुगवट्याच्या काठावर होड्या चालवतो. चाकणच्या पुढे त्याची वडिलोपार्जित जमीन आहे, थोडी पाण्यात गेलेली, थोडी उरलेली. शनिवार-रविवारी कंपन्यांची, आयटीवाल्यांची पोरं येतात. त्या वर्षी त्याने दोन नव्या कयाक आणल्या होत्या. प्लास्टिकच्या लांबट, एकट्याने चालवायच्या होड्या. त्यांना वल्ही मारायची नसतात. पुढ्यात दोन पायडल असतात, आणि सायकलसारखी गोल न फिरवता ती आलटून पालटून पायाने पुढे ढकलायची असतात. खाली दोन रबरी पाती माशाच्या परांसारखी हलतात आणि होडी पुढे जाते. बसायला जाळीची खुर्ची, आणि डाव्या हाताशी एक छोटी मूठ. मूठ वळवली की दोऱ्यांनी मागचं सुकाणू वळतं.

आम्ही सगळे मोठ्या होडीतून फेरी मारून आलो तेव्हा बाई काठावरच होत्या. एक लाल कयाक दोन जुन्या टायरांवर ठेवलेली होती. बाईंनी तिच्या खुर्चीवर तळवा दाबून ठेवला होता.

"ही पुढे होते का?" त्यांनी दत्ताला विचारलं.

"व्हती ना. रुळावर हाय. मागं बी जाती, वर-खाली बी व्हती."

बाईंनी ती एकदा मागे-पुढे सरकवून बघितली. मग म्हणाल्या, "मग बसते."

त्या दिवशी निरोपाचं जेवण निवत राहिलं. बूट काढून बाई कयाकमध्ये बसल्या. खुर्ची पुढे घेतली तर आखूड पाय पायडलला लागायचा, पण उजवा गुडघा छातीशी यायचा. मागे घेतली तर उजवा पाय छान लांब व्हायचा आणि डावा अधांतरी. दत्ता खुर्ची मागे-पुढे सरकवून दमला. शेवटी बाईंचं लक्ष पायडलच्या दांड्यांकडे गेलं. त्यांना भोकांची रांग होती आणि एक खुंटी.

"हे कशासाठी?"

"उंची परमाणं. खुंटी वडायची, दांडा पुढं-मागं करायचा. दोनी बाजूला येकच नंबर लावायचा, मॅडम."

"का?"

"का म्हंजे? सगळ्यांचं तसंच असतंय."

"कुठे लिहिलंय?"

दत्ताने मान खाजवली. "लिवल्यालं न्हाई कुठं."

मग डावं पायडल अगदी जवळच्या भोकात आलं आणि उजवं लांबच्या. डावा पाय तरीही घसरत होता, म्हणून दत्ताने सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून तो पायडलला बांधला. एका जोरात सुटेल असा, कारण होडी उलटली तर पाय मोकळा झाला पाहिजे. पाठ फार मागे कलली की ढकलताना बाई खाली घसरत होत्या, म्हणून पाठीचे पट्टे आवळून ती जवळजवळ ताठ केली. कमरेचं हाड एका बाजूला कलतं, म्हणून डाव्या मांडीखाली टॉवेलची घडी. एवढं झाल्यावर त्यांनी पायडल ढकललं. एक गेलं, दुसरं आलं. दोन्ही गुडघे सारखेच वाकत होते. खाली टायरांमध्ये पाती फडफडत होती. बाई जमिनीवरच बराच वेळ पायडल मारत बसल्या. आम्ही थंड झालेलं जेवण जेवून घेतलं.

"कंपनीत असं काही का नव्हतं?" त्यांनी मला विचारलं.

"कंपनीत पाणी नव्हतं, बाई."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांना विनोद आवडला नव्हता.

पुढच्या रविवारी विहारातली वंदना आटोपून त्या परत आल्या. भाऊ गाडीतून घेऊन आला होता. सांगवीला त्या या भावाकडेच राहायच्या. तो त्यांच्याहून मोठा, बँकेतून निवृत्त झालेला. त्या त्याला दादा म्हणत. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता. पण त्या दिवशीही पाण्यात जाणं झालं नाही, कारण आता सुकाणूचा प्रश्न निघाला. मूठ होती डाव्या हाताला. आणि बाईंचा डावा हात रिकामा नव्हता. पायडल ढकलताना तो गुडघ्यावर लागायचा, चालताना लागायचा तसाच.

"मूठ उजवीकडे घे," त्या दत्ताला म्हणाल्या.

दत्ता आता त्यांना मॅडम म्हणायचं सोडून मावशी म्हणायला लागला होता. "मावशी, उजवीकडं भोक हाय, पण दोऱ्या समद्या सोडाव्या लागत्याल."

"सोड मग."

त्या कामात आठवडा गेला. दादा मात्र पहिल्यापासून नाराज होता. गाडी लावताना तो पाण्याकडे पाठ करून लावायचा आणि आत पेपर वाचत बसायचा. बाईंचा बूट शेजारच्या सीटवर ठेवलेला असे. मी एकदा चहा घेऊन गेलो तेव्हा म्हटलं, "दादा, बाहेर तरी या. बघा तरी."

"चौथीपर्यंत मी तिला पाठीवरून शाळेत नेलंय," तो म्हणाला. "काठावर उभा राहिलो तर हाक मारल्याशिवाय राहणार नाही. मी हाक मारली की ती वळून बघणार, आणि वळली की पडणार. त्यापेक्षा मी इथेच बरा."

पहिल्यांदा पाण्यात जाताना दत्ताने बाईंना लाइफ जॅकेट घातलं आणि कयाकच्या शेपटाला लांब दोरी बांधून दुसरं टोक स्वतः धरलं. बाई दोरीएवढ्याच अंतरात हिंडून आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "छान आहे. पण मी शेळी नाही."

मग पुढच्या वेळी दोरी सोडली. दुसऱ्या कयाकमधून मी त्यांच्यासोबत गेलो.

सकाळचं पाणी तेव्हा गुळगुळीत होतं. बाई सरळ रेषेत निघाल्या आणि मला वाटलं त्याहून जोरात. डावा हात गुडघ्यावर, उजवा हात मुठीवर, मान ताठ. मी मागे पडलो. बराच आत गेल्यावर मी ओरडून सांगितलं, आता वळू या. बाईंनी मूठ वळवली आणि होडी उलट्याच बाजूला गेली.

घोटाळा काय झाला ते मला नंतर कळलं. डावीकडची मूठ उजवीकडे नेताना मागच्या दोन दोऱ्यांची अदलाबदल करायची राहून गेली होती. दोरी धरून फिरवताना सुकाणू फारसं वापरावंच लागलं नव्हतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता मूठ उजवीकडे केली की होडी डावीकडे जात होती. आणि डावीकडे बुडालेल्या बाभळी होत्या. धरण भरलं तेव्हाच्या, वाळून काळ्या पडलेल्या, फांद्या पाण्याच्या वर आणि खाली. त्यात होडी अडकली तर उलटायला वेळ लागत नाही, असं दत्ता नेहमी सांगायचा. त्यात वाराही उठला आणि त्याच दिशेने ढकलायला लागला.

"उजवीकडे, बाई, उजवीकडे," मी ओरडत होतो. त्या उजवीकडेच मूठ दाबत होत्या. जितकी दाबत तितकी होडी बाभळींकडे सरकत होती. मी जीव खाऊन पायडल मारत होतो, पण अंतर कमी होईना. काठावर दत्ता मोठी होडी ढकलताना दिसत होता. त्याच्यामागे दादाची गाडी, पाठमोरी.

बाईंनी पायडल मारणं थांबवलं. गुडघ्यावरचा हात उचलून माझ्याकडे तळवा केला.

"लाइनवर राहा," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून स्वच्छ आला. मी गप्प झालो.

त्यांनी एकदाच हलकं पायडल मारलं, मूठ किंचित एका बाजूला केली आणि होडीचं नाक कुठे जातंय ते बघितलं. मग दुसऱ्या बाजूला. पुन्हा बघितलं. वाऱ्याने होडी पहिल्या फांदीपाशी नेली होती. फांदी प्लास्टिकवर घासल्याचा आवाज मला ऐकू आला. मग त्यांनी मूठ बाभळींच्याच दिशेने पूर्ण वळवली, हात परत गुडघ्यावर ठेवला आणि जोर लावला. होडी बाभळींपासून लांब वळली, मोकळ्या पाण्यात आली आणि माझ्या शेजारून काठाकडे निघून गेली. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

काठावर आल्यावर त्या खुर्चीतून लगेच उठल्या नाहीत. दत्ता गुडघाभर पाण्यात उभा राहून सारखं म्हणत होता, "चुकलं मावशी, माझं चुकलं. आत्ता दोऱ्या बदलतो."

"नको," बाई म्हणाल्या. "आता माझ्या हाताला कळलंय. बदललंस तर मला पुन्हा शिकावं लागेल."

"पर उलटं हाय त्ये."

"असू दे. आणि दादाला सांगायचं नाही."

त्यांनी दोऱ्या खरंच बदलू दिल्या नाहीत. त्या पायडलचं आणि सुकाणूचं कुणाशी जमेना, त्यामुळे ती कयाक बाईंचीच होऊन बसली. एकदा आयटीतला एक मुलगा हौसेने तीत बसला आणि जागच्या जागी गोल फिरत राहिला. बाई काठावरून शांतपणे बघत होत्या. त्यांना बरं वाटलं असावं.

पाऊस सोडून बाकी सगळे रविवार त्या येत राहिल्या. हळूहळू मी सोबत जाणं सोडलं. बाई उंच बूट दादाकडे देऊन, अनवाणी, चहाचा थर्मास खुर्चीमागे अडकवून निघायच्या. सरळ पलीकडच्या काठाला जायच्या. होडी ठिपक्याएवढी व्हायची, मग दिसेनाशी. परत येताना कधी मेथीची जुडी असायची, कधी वालाच्या शेंगा.

"कुणी दिल्या?" मी विचारायचो.

"पलीकडे एक मैत्रीण आहे."

याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. तुमच्याही लक्षात आलं असेल, आयुष्यभर ज्यांना सगळे काळजीने प्रश्न विचारत आलेत, अशा माणसांना न विचारणाऱ्यांची फार किंमत असते.

खांदे दुखतात, चांगला पायही आताशा थकतो, असं त्या शेवटच्या उन्हाळ्यात एकदा म्हणाल्या होत्या. खुर्ची अजून थोडी पुढे घेतली, उजवं पायडल एक भोक जवळ आणलं आणि चालू ठेवलं. पाऊस सुरू झाला, होड्या शेडमध्ये गेल्या. गणपतीनंतर दादाचा फोन आला. न्यूमोनिया झाला होता. छाती आधीपासूनच अशक्त होती. दवाखान्यात फार दिवस राहावं लागलं नाही.

सांगवीला त्यांच्या पुण्यानुमोदनाला गेलो. कंपनीतले जुने लोक आले होते. फक्त आवाज ऐकलेले दोन-तीन व्यापारीही आले होते, ते फोटोकडे जरा नवलाने बघत होते. जेवणं झाल्यावर दादा मला गॅलरीत घेऊन गेला.

"एक काम कराल का?" तो म्हणाला. "ती पलीकडे कुणाकडे तरी जायची. भाजी आणायची. त्या माणसाला कुणी कळवलं नसेल. ते वाट बघत असतील."

पाणी उतरायला लागल्यावर एका सकाळी दत्ताच्या मोठ्या होडीतून मी पलीकडे गेलो. त्या काठाला पाणी मागे हटलं की ओल्या गाळात लोक पीक घेतात, गाळपेर म्हणतात. एका तुकड्यात साठीच्या आसपासची एक बाई मेथी खुरपत होती. नाव कोंडाबाई. घर मागेच, थोडं चढावर होतं. मी लाल होडीतल्या बाईंचं नाव काढलं तशी ती उठून उभी राहिली.

"कुठं हायेत त्या? लई दिस झालं. म्या रोज बगती."

मी सांगितलं. तिने खुरपं खाली ठेवलं आणि हात पदराला पुसत राहिली. वाफ्यातून दोन बगळे उठले आणि पुढे जाऊन पुन्हा बसले.

"हितंच नाक लावायच्या हुडीचं," तिने काठाचा गाळ दाखवला. "मी काठाला बसायची, त्या हुडीत. त्यांचा च्या प्यायचो. माझ्या सुनंचं, त्यांच्या हापिसातलं, समदं बोलनं. हसवायच्या लई." ती थांबली. "येक इचारू? रागाला येऊ नगा."

"विचारा."

"मी दर खेपंला म्हनायची, बाई, उतरा, घर हे काय हितंच हाय, भाकर खाऊन जावा. एवढ्या येळा म्हनलं, पर कदी खाली पाय टेकला न्हाई त्यांनी. मला वाटायचं, शेरातली मान्सं. चिखलात पाय घालायला नगं वाटत आसंल."

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. दोन वर्षं या दोघी दर रविवारी बोलत होत्या. ही त्यांना ओळखत होती. हसणं, चहातली साखर, हापिसातल्या गोष्टी, सगळं. आणि फक्त चालणं तिने पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "चिखल नाही आवडायचा त्यांना."

"मला वाटलंच त्ये," कोंडाबाई म्हणाली. आपला अंदाज बरोबर निघाल्याचं थोडं समाधान तिच्या आवाजात होतं. "म्हनून औंदा म्या सोय केलीवती. पोराला सांगून आनून घेतली, ती बगा."

तिने बांधाकडे बोट केलं. तिथे एक लांब, रुंद फळी बाभळीच्या बुंध्याला टेकवून ठेवली होती. होडीपासून कोरड्या जमिनीपर्यंत आरामात पोचली असती. नवी होती, अजून पाण्याला लागलेली नव्हती.